किल्ल्यातलं फर्मान

डबा जोसीलाच सापडला. पडक्या बुरुजाच्या पायथ्याशी दगडांच्या फटीत हात घालून तिने तो ओढून काढला, तशी बाकीची मुलं धावत आली.

वॉरन टटल खूश झाला. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर त्याने अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावात हा क्लब काढला होता. एकाने डबा लपवायचा, कोड्यात त्याचा पत्ता सांगायचा. ज्यांना सापडेल त्यांनी डब्यातला रबरी शिक्का आपापल्या वहीत उमटवायचा. यंदा डबा त्यानेच लपवला होता, इंग्रजांच्या जुन्या किल्ल्यात. शिक्क्यावर तोफ होती. सोबत कागदाची एक गुंडाळी. जुनी दिसावी म्हणून त्याने ती चहात बुडवून वाळवली होती, कडा मेणबत्तीवर करपवल्या होत्या.

“वाच मोठ्याने,” तो जोसीला म्हणाला. “दवंडी पिटतात तशी.”

नऊ वर्षांची जोसी दगडावर चढली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. राजाच्या नावाने गव्हर्नरचा हुकूम होता. जो कोणी तिथल्या मूळ रहिवासी पेनॉब्स्कॉट जमातीच्या पुरुषाच्या, बाईच्या किंवा मुलाच्या टाळूचं कातडं केसांसकट आणून देईल, त्याला सरकारी खजिन्यातून इनाम मिळेल. शेवटी शेवटी तिचा आवाज बारीक झाला. दमली असेल, असं वॉरनला वाटलं.

“आणि हे तुमचं इनाम!” म्हणत त्याने सोनेरी कागदातल्या चॉकलेटच्या मोहरा वाटायला काढल्या. एकाने दुसऱ्याची टोपी हिसकावली. “आण इकडे तुझी टाळू!” मोठी माणसंही हसली.

जोसीची आजी तेवढी हसली नाही. डीलिया व्हिटकॉम सहा वर्षं क्लबात होती. सहलीला ब्लूबेरीचा केक तिच्याच घरून यायचा. होड्या बांधणाऱ्या व्हिटकॉमची ती विधवा, एवढं वॉरनला ठाऊक होतं. काळेभोर डोळे, काळे केस. कॅनडाकडची फ्रेंच असेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

जोसी अजून दगडावरच होती. मोहरा घ्यायला ती आली नाही. कागद खरा आहे का, असं तिने विचारलं.

शिकवायची सवय जाते कुठे? कागद आपण केला, पण हुकूम खरा, असं वॉरनने सांगितलं. असे हुकूम तेव्हा निघत. पुरुषाचा दर वेगळा, बाईचा वेगळा, मुलांचा सगळ्यांत कमी. त्याने पुस्तकात वाचलं होतं.

जोसीने आजीकडे पाहिलं.

“आजी, आपण पेनॉब्स्कॉटच ना?”

“हो बाळा,” डीलिया म्हणाली. “माझी आई, तिची आई, मी, आणि तू.”

हसणं थांबलं. टोपी ज्याची त्याला परत मिळाली. वॉरनच्या हातातली पिशवी तिरकी झाली आणि मोहरा गवतात सांडल्या, तरी कोणी वाकलं नाही. जोसी त्याच्याकडे वळली. ती रागावलेली नव्हती. वर्गात शंका विचारावी तसं तिने विचारलं,

“सर, मग माझे किती मिळाले असते?”

वॉरनला तो आकडा तोंडपाठ होता.