टेकडीमागची झाडी

"जिवाभावाच्या जागेवर लाल ठिपका चिकटवा. जिथे एकही ठिपका नसेल, तिथे कचरा डेपो होणार," भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवत अधिकाऱ्याने बजावलं.

मैदान, तळं, वाचनालय बघता बघता लालेलाल झालं. टेकडीमागची झाडी तेवढी कोरी राहिली. जोडपी तिथे चोरून भेटतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण भर सभेत ठिपका लावून स्वतःची शोभा कोण करून घेणार? तरुण पोरंपोरी माना खाली घालून बसली. निवृत्त हेडबाईंच्या मुठीतला ठिपका घामाने ओला झाला होता.

अधिकाऱ्याने पेनचं टोपण काढलं, तशा त्या ताडकन उठल्या आणि त्यांनी ठिपका थेट झाडीवर दाबला.



पहिल्या रांगेतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, पण आपण कधी गेलो होतो तिथे?"