अर्धा चेहरा

शिवणीची रेघ डोळ्यांसमोरून मधेच नाहीशी झाली, तसं तिने मशीन थांबवलं. पाठोपाठ चमचमती नागमोडी कड दिसू लागली. आता अर्धशिशी येणार हे ठरलेलं.

"आली वाटतं पाहुणी," नवरा दारातून म्हणाला. तो निवृत्त शिक्षक, सगळ्यांचा मास्तर. घरातही फळ्यासमोर उभा असल्यासारखा खणखणीत बोलायचा. त्याने तिला पलंगावर निजवलं, पडदे ओढले, गोळी दिली. लग्न झाल्यापासून त्याला या कामाची सवय होती.

यावेळी मात्र तिला धास्ती होती. डॉक्टरीणबाईंनी नुकतंच बजावलं होतं, "डोकं दुखण्याआधी ज्यांना असे चमकारे दिसतात, त्यांना पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो. घाबरायचं नाही. पण बोलणं एकदम बिघडलं, चेहरा किंवा हात लुळा पडला, तर अर्धशिशी म्हणून झोपून राहू नका."

ते ऐकून मास्तरने रक्तदाबाचं यंत्र आणलं होतं. रोज सकाळी तिच्या दंडाला पट्टा बांधायचा.

"अहो, एकदा तुमचंही बघा की."

"मला काय धाड भरलीय?"

चमकारे अजून ओसरले नव्हते, तेवढ्यात तो चहा घेऊन आला. काहीतरी म्हणाला. तिला अर्थ लागेना.

"काय म्हणालात?"

तो पुन्हा बोलला. आवाज त्याचाच, पण शब्द एकमेकांत कालवल्यासारखे. तिने निरखून पाहिलं, तर त्याचा अर्धा चेहरा खाली ओघळल्यासारखा दिसत होता. तिने कपासाठी हात पुढे केला. कप फरशीवर पडून फुटला. आपल्याला साधा कपही धरता आला नाही, तिला वाटलं. मास्तर पलंगाच्या कडेवर बसला.

तिने चाचपडत फोन उचलला आणि रुग्णवाहिका मागवली.

"मला पक्षाघात होतोय," ती म्हणाली. "नवरा बोलतोय ते कळत नाही. त्यांचा चेहरा वाकडा दिसतोय. हातातून कप पडला."

पत्ता विचारून झाल्यावर पलीकडची बाई म्हणाली, "माझं बोलणं कळतंय तुम्हाला?"

"हो. तुमचं अगदी स्पष्ट कळतंय."

"फोन जरा त्यांच्या तोंडाशी धरा."

तिने धरला. मास्तर काहीतरी पुटपुटला. तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"गाडी निघालीय," बाई शांतपणे म्हणाली. "तुम्ही उठा, पलंग मोकळा करा आणि त्यांना कुशीवर झोपवा."