डावी की उजवी

दिगंबर केळुसकर डाव्या बोटीत बसला, उतरला, उजवीत बसला आणि पुन्हा डावीकडे निघाला, तेव्हा दुकानदाराने कपाळाला हात लावला. दोन्ही बोटी अ‍ॅल्युमिनियमच्या, लांबी सारखी, इंजिन सारखं, घरची सगळी माणसं मावतील अशा. डावीचं छप्पर ऐसपैस, उजवीच्या गाद्या मऊ. गणपतीपासून दिगंबर याच घोळात होता आणि आता शिमगा तोंडावर आला होता.

"झिला, तुझा काय ता लवकर ठरव," त्याची आई म्हणाली. ठरेल त्या बोटीला वाढवायला आणलेला नारळ पिशवीत घेऊन ती सकाळपासून ताटकळत होती. "माझे पाय दुखाक लागले."

"आये, वायच थांब. उद्या पस्तावलो तर?" म्हणत दिगंबरने पुन्हा टेप काढली.

तेवढ्यात मागे ठण्ण असा आवाज झाला. जन्मभर लाकडी होडीच्या नाकावर नारळ फोडत आलेल्या आईने उजव्या बोटीच्या नाकावर तो हाणला होता. नारळाला साधी चीर गेली नव्हती. बोटीला मात्र वाटीएवढा पोचा पडला होता.

"अभिनंदन!" दुकानदार म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

दिगंबरला रागवायचं होतं, पण सुटल्यासारखं वाटून राग काही येईना. शिवाय आईचा जन्म होडीत गेलेला. तिने काहीतरी पारखलं असणारच.

"पण आये, हीच कित्याक?" त्याने अदबीने विचारलं.

आईने अख्खा नारळ पिशवीत परत टाकला. "ही जवळ होती."