फी भरायच्या आधी

तुमसरच्या राइस मिलचे मालक भैय्याजी लेकीला घेऊन नागपूरच्या कॉलेजात आले होते. साल शहाऐंशी, महिना जूनचा. कुंदाला आधी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहायचा होता, मगच नाव घालायचं होतं.

सरांनी चपला बाहेर काढायला लावल्या, थंडगार खोलीचं कुलूप उघडलं आणि मशीनवरचं मखमली कापड हळूच बाजूला केलं. भैय्याजींचे हात आपसूक जोडले गेले.

"पोरं दिवसभर यावरच बसलेली असतात," सर म्हणाले.

बटनांवर कुंकवाची पाच बोटं ठसठशीत उमटलेली होती.

"आणि हे, सर?" कुंदानं विचारलं.

"मागच्या दसऱ्याची पूजा. आम्ही यंत्राला फार मानतो."

कुंदा बाहेर येऊन चपला घालू लागली.

"काहून वं? एवढी मोठी मशीन, तुले पसंत नाही?"

"बाबा, दसऱ्याले आपल्या मिलच्या बटनाले लावलेलं कुंकू किती दिवस रायते?"

"दिवस कायचे? पहिलं पोतं भराच्या आत पुसून जाते."

बोलता बोलता भैय्याजी थांबले. मागे सर पुन्हा कुलूप लावत होते.

"चाल पोरी," ते म्हणाले, "दर्शन झालं."