हिरामणची इंग्रजी पत्रं

“आधी इंग्रजीत होऊ द्या, मास्तर,” दिनानाथ म्हणाला. “मराठी मंग.”

बाबाजी मास्तरांनी चष्मा पुसला आणि हिरामणचं पत्र खणखणीत आवाजात वाचून काढलं. ओटीवरच्या वीसपंचवीस माणसांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण माना सगळ्यांनी डोलावल्या. मिठागरावरचं काम टाकून माणसं हे ऐकायला येत. मिठागर दिनानाथाचं, आणि त्याचा हुकूमच तसा होता. पोराला मुंबईच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला घातलंय, बी.ए. करायचंय, मग पत्र मराठीत कशाला? पोरगा बिचारा इंग्रजीत लिही. गावात ते वाचू शकणारा माणूस एकच, शाळेचे मास्तर. टपालाची पेटीही त्यांच्याच शाळेत.

“काय म्हनतो पोरगा?”

मास्तरांनी कागदाची घडी घातली. “तब्येत ठणठणीत आहे. सहामाहीत वर्गात दुसरा आला.”

पत्रात होतं ते असं: बाबा, मी नापास झालो. आठ दिवस तापाने पडून आहे. खोलीत पाणी द्यायलाही कुणी नाही. मला न्यायला या.

खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, याचं मास्तरांनाच नवल वाटलं. पण त्यांना शाळेची ती सभा विसरता येत नव्हती. साऱ्या गावासमोर दिनानाथाने विचारलं होतं, “मॅट्रिक नापास मानूस आमच्या पोरांना काय शिकवनार?” मास्तर गणितात गेले होते. इंग्रजीचा पेपर त्यांचा उत्तम गेला होता, पण ते ऐकतो कोण? त्या दिवसापासून ते ‘नापास मास्तर’ झाले. बायको वेणूबाई विहिरीवर गेली तरी पाठीमागे तेच नाव ऐकून येई. मास्तरांनी अपमान गिळला, पण पचला नाही.

आता चढू दे दिनानाथाला, त्यांनी ठरवलं. बी.ए. बी.ए. करत सगळी खाडी उठवू दे. मग एक दिवस आपटेल, आणि नापासाचा बाप म्हणून मिरवेल.

धास्ती एकच होती. बापाचं उत्तर मराठीत जाई. दिनानाथ सांगे आणि त्याची थोरली लेक सगुणा लिही. ती विधवा होऊन माहेरी परतली होती. तिचं अक्षर मास्तरांनीच वळवलेलं. ‘दुसरा आलास, शाबास’ हे वाचून पोरगा बोंब मारणार, म्हणून मास्तर पंधरा दिवस नीट जेवले नाहीत.

पुढचं पत्र आलं. त्यात त्याबद्दल चकार शब्द नव्हता. ताप उतरला होता, आणि हिरामण घोड्यांच्या शर्यती बघून आला होता. मास्तर मनात हसले. पोराला उमजलं होतं. बापाचा मार चुकत असेल तर कुणाला नको?

पुढची तीन वर्षं मजेत गेली. पत्रात हिरामण दारू प्यायला लागला, मास्तरांच्या तोंडून तो इंटर पास झाला. पत्रात तो एका नाटकवालीच्या मागे फिरला, ओटीवर प्रोफेसरांनी त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला. मे महिन्यात तो घरी येई. एकदा बांधावर मास्तरांना गाठून म्हणाला, “तुमचे उपकार आहेत, मास्तर.” मान मात्र वर केली नाही.

इंग्रजी तेवढं त्याचं दर पत्राला सुधारत होतं. दारूच्या गुत्त्याचं वर्णन मास्तरांनी तीनदा वाचलं. कार्टं वाया गेलं, ते म्हणाले, पण हात लिहिता आहे.

चौथ्या वर्षी पत्र आलं: परीक्षेला मी बसलोच नाही. बाबांना आता कळणारच.

मास्तरांनी ओटीवर सांगितलं, पेपर सोपे गेले.

दिनानाथाने मग अंगणात मांडव घातला. न्हावा-शेव्यापर्यंतच्या गावांतली माणसं बोलावली. निकालाचं पत्र मांडवातच फोडायचं ठरलं. मास्तरांनी धुतलेला कोट चढवला.

“पोराचं वाईट चिंतू नका वो,” वेणूबाई म्हणाली.

“मी काय करतोय? फक्त वाचणार आहे.”

मांडव माणसांनी फुलून गेला होता. दिनानाथ डोक्याला नवा रुमाल बांधून पुढे बसला होता. मास्तर उभे राहिले.

“आज एकेक ओळ इंग्रजीत वाचतो आणि लगेच मराठीत सांगतो,” ते म्हणाले. “एक शब्द गाळणार नाही. मला मध्ये कुणी थांबवू नका.”

त्यांनी पाकीट फोडलं. पहिली ओळ इंग्रजीत वाचली, आणि तीच मराठीत सांगावी लागली.

“बाबा, मी बी.ए. झालो. इंग्रजी घेऊन, दुसऱ्या वर्गात.”

ताशा वाजला. दिनानाथाने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. मास्तरांचे डोळे पुढच्या ओळींवर धावत होते.

‘मास्तर, पुढचं तुम्हाला. तापातून उठलो तेव्हा दाराशी सगुणाचं पत्र पडलं होतं. मी म्हणे दुसरा आलो. त्यानंतर मी एकाही परीक्षेत नापास झालो नाही. दारू, शर्यती, नाटकवाली, सगळं रचलेलं. मी गोष्टी लिहायला शिकत होतो, मला मन लावून वाचणारा एक माणूस हवा होता. तुम्ही बाबांना सांगितलंत ते खरंच होत गेलं. खोटं फक्त पहिल्या पत्राचं. ते आज त्यांना सांगा.’

“पुढं, मास्तर?” दिनानाथाने विचारलं.

“पुढे... पुढे सगळ्यांना नमस्कार आहे.”

बायकांच्या रांगेतून सगुणा उठली. तिच्या हातात हिरामणच्या अक्षरातला एक कागद होता, मराठीतला, टपालाने न आलेला.

“नमस्कार लई खाली हाय, मास्तर,” ती म्हणाली. “दुसरी ओळ तुमच्या नावाची हाय.”