डुकराची उंची

"बोल्ट उघडा. नळी समोर," अनुजा म्हणाली, आणि हितेंद्रची कोरी करकरीत रायफल तिने हातात घेतली.

कॉटन ग्रीनच्या एका जुन्या कापसाच्या गोदामात क्लबची ही रेंज. परवानेवाले नवं हत्यार घेतलं की इथे आणतात आणि अनुजा ते तपासून देते. डोक्यावर टोपी, कानावर मफ, त्यामुळे हितेंद्रच्या लेखी ती नुसती 'मॅडम' होती. ओळखणार तरी कसा? खटला चालू असताना कोर्टात त्याने मागच्या बाकाकडे एकदाही मान वळवली नव्हती. लालबागहून येऊन त्या बाकावर अनुजा आणि तिची आई बसायच्या. शिमग्याला गावी गेलेला तिचा भाऊ विनीत हितेंद्रच्याच गोळीने गेला होता; गोळी छातीत लागली होती. "तिन्हीसांजेला काजूच्या बागेत काळं काहीतरी हललं, मला डुक्कर वाटलं," एवढं बोलून हा बाबा निर्दोष सुटला. परवानाही परत मिळाला. आता वर नवी रायफल!

रेंजवर मोबाइल बंद ठेवायचा, असा नियम. आज अनुजाने तो सांगितलाच नाही. हितेंद्रचा मेहुणा हर्षवर्धन मघापासून फोन उंच धरून उभा होता.

"भावोजी, लाइव्ह केलंय हां. अख्खं गाव बघतंय."

"बघू दे की! बघण्यासारखीच वस्तू आहे."

अनुजाने बोल्ट मागे ओढला, पुढे सारला. कुठे अडला नाही, खरखरला नाही. दस्ता खांद्यात बरोबर बसला. तिने गोळी भरली. हितेंद्र हाताच्या अंतरावर कमरेवर हात ठेवून उभा होता. नळी जराशी वळवली की काम झालं असतं. तिचे हात शिवशिवले, खोटं कशाला बोला. पण मेला की माणूस सुटतो. हा एकदा सुटला तेवढं पुष्कळ झालं.

पहिली गोळी जरा डावीकडे गेली. तिने रायफलवरच्या दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवला. पुढच्या तीन गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ पडली.

"जमली की नाय?" हितेंद्र खूश झाला.

"जमली. हत्यारात काही खोट नाही," अनुजा म्हणाली. "डुकरावर बघायची?"

"म्हणजे काय! त्याच्यासाठीच तर घेतलीय."

तिने बोल्ट उघडून रायफल बाकावर ठेवली, लाल दिवा लावला आणि डुकराचं चित्र घेऊन चालत टोकाला गेली. विनीत ताडमाड होता. चाळीच्या जिन्यात मुद्दाम आडवा उभा राहायचा, आणि घाईत उतरताना हिचं नाक त्याच्या छातीवर आदळायचं. "बघून चाल ना, आंधळे," असं वर तोच म्हणायचा. अनुजा निशाण लावायच्या फळीला भिडून उभी राहिली, आणि डुकराचा खांदा बरोबर आपल्या नाकासमोर येईल असं चित्र लावून परत आली.

हितेंद्रने दुर्बिणीला डोळा लावला आणि फस्सकन हसला.

"काय मॅडम! डुकराला माडावर चढवलंत काय?"

"का? चुकलं काही?"

"अहो, डुक्कर एवढं उंच असतं काय कधी? हे बघा, माझ्या मांडीला लागेल. फार तर कमरेला. हे तर माणसाच्या छातीपर्यंत आलं!"

"तिन्हीसांजेला फसायला होत असेल."

"छ्या! फसायचंय काय त्यात? आंधळ्यालासुद्धा कळेल. वीस वर्षं डुकरं मारतोय मी."

हर्षवर्धनही हसला. मग हसता हसता गप्प झाला.

अनुजाने मफ काढले. टोपी काढली. "परत सांगा," ती म्हणाली. "फोनकडे बघून सांगा. गावाला नीट ऐकू जाऊ दे."

हितेंद्र तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "तुम्ही कोण?"

"विनीतची बहीण. त्या दिवशी फोनवर मीच होते त्याच्याशी बोलत. उभं राहिलं तरच नेटवर्क येतं म्हणून तो बांधावर उभा होता. कोर्टात सरकारी वकिलांनी सांगितलं हे. तुमचे वकील म्हणाले, फोनवरून उभं-बसलेलं दिसतं काय? सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात."

"बंद कर ते!" हितेंद्र मेहुण्यावर खेकसला.

"बंद करून काय करू, भावोजी?" हर्षवर्धनचा आवाज पार खाली गेला होता. "सगळ्यांनी ऐकलं."

 अनुजा पुन्हा चालत टोकाला गेली. चित्र सोडवलं, वाकली, आणि डुकराच्या खऱ्या उंचीवर, मांडीच्या पातळीला, नीट चिकटवलं. परत येऊन तिने हिरवा दिवा लावला.

"घ्या. आता डुक्कर जिथे असतं तिथे आहे," ती म्हणाली. "मारा."

हितेंद्रने रायफल उचलली. बोल्ट नवा होता, मघाशी कुठेही अडला नव्हता. त्याच्या हाताने तो काही पुढे सरकेना.