शेवंतीबाईंचा टब

"आई, ऊठ आता. लोक बघतायत," नीलेश हळूच म्हणाला.

काशीमिऱ्याला हायवेलगतच्या शोरूममध्ये शेवंतीबाई एका कोरड्या टबात बसल्या होत्या. पाठ ताठ, पदर खोचलेला, हात मांडीवर. टब नेहमीसारखा लांबट नव्हता, गोल आणि खोल होता. जपानी लोक यात आडवे होत नाहीत, नुसते बसतात, गरम पाणी खांद्यापर्यंत येतं, असं सेल्समन साहिलने दोनदा सांगून झालं होतं.

"आंटी, अंग बाहेर धुवायचं. साबण आत नाय न्यायचा. आत फक्त शेकत बसायचं. गुडघ्यांना एकदम आराम."

नीलेशने शेजारचा फायबरचा टब एका हाताने सरकवून दाखवला. "हा घे ना. तेवढाच खोल आहे. तिसऱ्या मजल्यावर चढवायलाही सोपा."

"डगमगतो तो. तोल गेला तर कोण धरणार मला? मला हाच हवा."

त्या ज्यात बसल्या होत्या तो दगडाची भुकटी ओतून केलेला, राखाडी रंगाचा होता. उचलायला चार माणसं लागणार होती.

नीलेशला आईचं हे नवीनच कळत होतं. हॉस्पिटलात तीस वर्षं आयाचं काम करून निवृत्त झालेली बाई. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेव्हा अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणारी. पण घरी गेल्यावर त्याची बायको मिनल म्हणाली, "जन्मभर उभं राहून काम केलं त्यांनी. पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागतायत. घेऊया."

नवघरमधली त्यांची इमारत चार मजली, पस्तीस वर्षांची. बाथरूममध्ये फोडाफोड करायची तर सोसायटीची परवानगी लागायची. शेवंतीबाईंनी स्वतः अर्ज लिहिला, टबाचा कागद जोडला आणि सेक्रेटरी दशरथ केरकरांच्या हातात नेऊन दिला. केरकर बरोबर त्यांच्या खालच्याच फ्लॅटमध्ये राहायचे.

तासाभरात केरकर वर हजर.

"वहिनी, हे काय? रिकामा टब एकशेऐंशी किलो. साडेतीनशे लिटर पाणी. वर तुम्ही. पावणेसहाशे-सहाशे किलो माझ्या डोक्यावर?"

"गुडघे दुखतात हो, केरकरभाऊ."

"मागच्या वर्षी भिंतीची ओल, मग जिन्याचं प्लास्टर, आता हे. दर मीटिंगला तुमचं काहीतरी असतंच."

"मग नाही म्हणून लेखी द्या. कारणासकट. मी वरती दाद मागेन."

नीलेश ओशाळून खाली बघत राहिला. केरकर तणतणत गेले. "आता इंजिनीअर बाईच आणतो. तीच सांगेल तुम्हाला!"

आणि चार दिवसांनी त्यांनी खरोखर आणली. इशिता राऊत, तिशीची, पायात जाड बूट, हातात लहानशी हातोडी. सगळे केरकरांच्या बाथरूममध्ये जमले. तिने वरचं फॉल्स सीलिंग उघडायला लावलं आणि शिडीवर चढून तुळईवर ठोकलं. पोकळ आवाज आला. दुसऱ्यांदा ठोकलं, तर विटेएवढा तुकडा खाली पडला. आतली सळई तिने नखाने खरवडली. बिस्किटासारखी सुटून आली.

केरकरांचा चेहरा उतरला. "म्हणजे टब नाही बसवता येणार ना?"

"टबाचं सोडा, काका. या बाजूचे आठही फ्लॅट आजच्या आज रिकामे करा."

त्यानंतर केरकरच दारोदार धावले. कोणी वाद घातला, कोणी रडलं. दुपारी महापालिकेची माणसं आली, त्यांनीही तेच सांगितलं. काहीजण नातेवाइकांकडे गेले, बाकीचे जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये. शेवंतीबाईंनी सातवीतल्या सान्वीची पुस्तकं आणि घरातली औषधं तेवढी बरोबर घेतली, नातीचा हात धरला आणि जिना उतरल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या बाजूची बाथरूमं चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत एकावर एक कोसळली. धुळीचा लोट पार नाक्यापर्यंत आला. आत कोणी नव्हतं. एका माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

बातमी हॉलमध्ये आली तेव्हा शेवंतीबाई मुलांना पोहे वाढत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. हॉलमधली मुलं एकेक करून नजरेने मोजली, मग पुन्हा मोजली. आणि तिथेच सतरंजीवर बसून, पदर तोंडाला लावून रडल्या. केरकरांची बायको हंसा त्यांच्या गळ्यात पडली. दोघी रडता रडता हसायला लागल्या, तशी मिनलही हसली, मग सगळा हॉल.

केरकर हात जोडून समोर उभे राहिले. "तुमच्या हट्टाने वाचलो, वहिनी. नाहीतर त्या सीलिंगच्या वर कोण बघणार होतं?"

"बसा, केरकरभाऊ. पोहे गरम आहेत," शेवंतीबाई म्हणाल्या.

नीलेश बाहेर पटांगणात आला. तीन दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता येत होता. आईवर आपण मनातल्या मनात किती चिडलो, ते आठवून त्याला लाज वाटली. त्याने शोरूमला फोन लावला.

"साहिल, आईचा तो टब राखून ठेव. आता घर घेऊ ते तळमजल्यावरच. पण टब तोच."

"राखून? सर, आंटींनी बुकिंग केलंच नाय."

"अरे, आम्ही दोघं येऊन पसंत करून गेलो ना?"

"हो, पण त्याच्या आदल्या आठवड्यात त्या एकट्या आल्या होत्या. भाव नाय विचारला, रंग नाय बघितला. म्हणाल्या, दुकानात सगळ्यात जड कुठला असेल त्याचं वजन कागदावर लिहून दे, घ्यायचा नाही, सोसायटीला दाखवायचाय."